गैरसोयीचे हसू

परदेशात शिकून परतलेल्या माणसांच्या आठवणी हा आपल्याकडील गप्पांचा एक जुना आणि भरवशाचा विषय आहे. या आठवणींत विद्यापीठाचे नाव बहुधा एकदाच येते. प्रबंधाचा विषय तर सांगणाऱ्यालाही सांगावासा वाटत नाही. पुन्हा पुन्हा येतात ते नळ, पाव, प्लग, घरमालकीण, थंडी आणि रविवार. ऐकणारे हसतात, सांगणाराही हसतो, आणि एके काळी ज्या गोष्टीने त्याला रात्रभर झोप लागू दिली नव्हती तीच गोष्ट आता चहाबरोबर वाटली जाते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पासून (१९६०) परमुलखातील फजिती हा तर मराठी वाचकाच्या विशेष आवडीचा भाग होऊन बसला आहे.

या हशाकडे आपण सहसा विनोदाचा एक प्रकार म्हणून पाहतो. येथे त्याकडे एक नैतिक प्रश्न म्हणून पाहावयाचे आहे. गैरसोय हसण्यावारी नेणे हा गुण मानावा, की ते सोयीस्कर विस्मरण समजावे? घरच्यांना केवळ गमती कळवणारे पत्र खरे की खोटे? आणि अशा गैरसोयींना हसण्याचा अधिकार सर्वांना सारखाच असतो काय? हे प्रश्न क्षुल्लक गोष्टींविषयीचे आहेत हे खरे. पण माणसाच्या दिवसाचा मोठा भाग क्षुल्लक गोष्टींनीच भरलेला असतो, आणि त्याचा स्वभाव घडतो वा बिघडतो तोही बव्हंशी तेथेच.

प्रथम काही गैरसोयी जवळून पाहू. इंग्लंडमधील जुन्या घरांत हात धुण्याच्या बेसिनला दोन स्वतंत्र नळ असतात. एकातून हात पोळेल असे पाणी येते, दुसऱ्यातून बोटे बधिर होतील असे. आपल्याकडे आंघोळीच्या कढत पाण्यात थंड पाणी घालतात त्याला ‘विसण’ असा खास शब्दच आहे. त्या बेसिनवर विसणाची सोय नसते, आणि विद्यार्थी दोन नळांखाली आळीपाळीने हात नेत उभा राहतो. यामागे एक कारण आहे. थंड पाणी थेट नगराच्या जलवाहिनीतून येई आणि ते पिण्यायोग्य असे. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येई, आणि त्या टाकीत काय पडले असेल याची खात्री नसे. एका पाण्याचा दुसऱ्याला संसर्ग होऊ नये, ही त्यामागची काळजी. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या माणसाने हे कारण ऐकून क्षणभर अंतर्मुख व्हावे.

प्लगची कथा याहून मार्मिक आहे. भारतात आजही चालणारी गोल पिनांची पद्धत मूळच्या ब्रिटिश मानकावरच बेतलेली आहे. चपट्या, आयताकृती पिनांचे नवे मानक ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले ते १९४७ साली. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी आपला देश सोडला त्याच वर्षी आपल्या जुन्या प्लगचाही निरोप घ्यायला आरंभ केला. आणि त्यांचाच वारसा इमानाने जपणारी आपली इस्त्री त्यांच्याच भिंतीत शिरायला तयार होत नाही.

स्वयंपाकघरात तर दोन संस्कृती उघडपणेच समोरासमोर येतात. वसतिगृहातील सामायिक शेगडीवर मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला, की छतावरची धुराची घंटा वाजू लागते. रात्रीची वेळ, बाहेर गोठवणारी हवा, आणि सारी इमारत झोपण्याच्या कपड्यांनिशी अंगणात उभी. फोडणी देणाऱ्याला कोणी बोल लावीत नाही; सगळे त्याच्याकडे सौजन्याने पाहतात, आणि ते सौजन्य त्याला घंटेहून अधिक बोचते. त्याच इमारतीत ‘कसे आहात?’ असे विचारले जाते तेव्हा उत्तराची अपेक्षा नसते हे कळायलाही काही आठवडे जातात. नवा विद्यार्थी थांबून आपल्या सर्दीचा वृत्तान्त सांगू लागतो. विचारणारा तोवर जिना उतरून गेलेला असतो. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. जेवणानंतर डुलकी काढून उठलेल्याला आपण रात्र झोपून काढली की दुपार, हे घड्याळावरून ठरवावे लागते. जर्मनीत गेलेल्याला कळते की रविवारी दुकाने बंद असतात, आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्या पेटीत टाकणेही त्या दिवशी शांततेचा भंग ठरते. बँकेत खाते उघडायचे तर राहण्याचा पत्ता हवा, आणि खोली भाड्याने घ्यायची तर बँकेत खाते हवे, या चक्रात पहिला महिना जातो. नावातल्या ‘ळ’चा ‘ल’ होतो. आपल्या रीतीने मधोमध लिहिलेले वडिलांचे नाव हे मुलाचेच दुसरे नाव समजले जाते, आणि वर्गात हजेरी घेताना कोणी वडिलांनाच हाक मारतो.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. येथे कोणी कोणाचे वाईट चिंतिलेले नाही. नळ बसवणाऱ्याने, घंटा लावणाऱ्याने, रविवारचा नियम करणाऱ्याने त्या विद्यार्थ्याचा विचारच केलेला नव्हता. अपमानाला कर्ता असतो. गैरसोयीला तसा कर्ता नसतो. राग धरावा असा माणूस समोर नसल्यामुळे राग कोठे ठेवावा हे कळत नाही, आणि असा निराधार राग पुढे हसण्यात उतरतो. गैरसोय आणि अपमान यांतील हा भेद पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे. त्याच्या जोडीला तिसरा शब्द घ्यावा लागेल तो यातना हा. तिन्ही गोष्टी एकाच दारातून, एकाच खोलीत, कधी एकाच दिवशी येतात; बाहेरून पाहणाऱ्याला त्या सारख्या दिसण्याचा संभव असतो.

हसू येते ते नेमके कशाचे? भरताने नाट्यशास्त्रात हास्याची कारणे सांगताना विकृत वेष, विपरीत अलंकार, विसंगत आचरण यांचा निर्देश केला आहे, आणि स्वतः हसणे व दुसऱ्याला हसवणे यांवरून हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. परदेशातील विद्यार्थ्याच्या बाबतीत अडचण अशी की, वेष विकृत कोणाचा आणि आचार विसंगत कोणाचा हे कोणत्या गावी उभे राहून पाहतो यावर ठरते. आपल्या गावी जो आचार, तो परगावी विकार. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात असे मांडले की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की तो हास्यास्पद होतो. परिस्थिती पालटली तरी सवय आपली चाल सोडीत नाही, तेव्हा आपण हसतो. या दृष्टीने पाहिले तर दोन नळांच्या कथेत हास्यास्पद आहे तो नळ नव्हे. पाणी एकाच धारेत कोमट येणार असे गृहीत धरून पुढे गेलेला हात हास्यास्पद आहे. घरी असताना आपली सवय आपल्याला सवय म्हणून दिसत नाही. ती जगाची रीतच आहे असे वाटते. परदेशातील लहानशी गैरसोय ती सवय प्रथमच दाखवून देते. म्हणून यजमानांच्या चमत्कारिक रीतींना हसणे हा या विनोदाचा कनिष्ठ प्रकार होय. आपल्याच निश्चिंत खात्रीला हसणे हा त्याचा वरचा प्रकार, आणि तोच नैतिक दृष्ट्या मोलाचा.

या वरच्या प्रकाराचे एक सुंदर उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. १८८८ सालच्या सप्टेंबरअखेर ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा अंगावर पांढरा फ्लॅनेलचा पोशाख होता, आणि साऱ्या गर्दीत तसा पोशाख घातलेले ते एकटेच होते. भेटीला आलेल्या डॉ. प्राणजीवन मेहता यांची उंच टोपी त्यांनी सहज हातात घेऊन उलट्या बाजूने कुरवाळली. तिची लव विस्कटली, मेहता किंचित रागावले, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हा विलायती शिष्टाचाराचा पहिला धडा मिळाला. पुढे पोटाचा प्रश्न आला. मांस न खाण्याचे वचन आईला दिलेले. जेवणात पाव, पालक आणि मुरंबा. आणि दोन-तीन तुकड्यांहून अधिक पाव मागणे बरे दिसणार नाही म्हणून तरुण मोहनदास अर्धपोटी उठे. नंतरच्या घरी घरमालकिणीच्या मुली आग्रहाने एखाददुसरा तुकडा अधिक वाढीत. त्या भुकेला अख्खा पाव लागला असता, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. हे सारे ‘नवजीवन’मधून प्रसिद्ध होऊ लागले १९२५ साली. भूक आणि तिचे हसू यांच्यात सदतीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या अंतरानंतर केलेल्या कथनात इंग्रज घरमालकिणीविषयी कडवटपणा नाही आणि स्वतःविषयी कणवही नाही. लाजाळू मुलाचा संकोच आणि यजमानांचा चांगुलपणा या दोहोंनाही तेथे न्याय मिळाला आहे.

पण सदतीस वर्षे थांबण्याची सवड प्रत्येकाला नसते. भूक लागली त्याच आठवड्यात घरी पत्र लिहायचे असते. माझ्या पिढीचे विद्यार्थी निळ्या एरोग्रामवर पत्र लिहीत. जागा मर्यादित, आणि त्या जागेत काय लिहायचे यापेक्षा काय लिहायचे नाही याचाच विचार अधिक. घंटा वाजल्याची गोष्ट रंगवून लिहिली जाई. त्या रात्री अंगणात उभे असताना घरची आठवण होऊन घसा दाटून आला हे लिहिले जात नसे. आता दृश्य संभाषणाची सोय झाली आहे, चेहरा समोर दिसतो. तरी कोणती भिंत मागे यावी आणि दिवा कोठे असावा हे मुले ठरवतातच. मग हे असत्य नव्हे काय?

इमान्युएल कांट याने १७९७ सालच्या एका निबंधात असे प्रतिपादन केले की, परोपकाराच्या हेतूनेदेखील खोटे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही. आपल्या परंपरेत युधिष्ठिराचे अर्धसत्य आहे. ते शब्दशः खरे असूनही महाभारताने त्याला निर्दोष ठरवलेले नाही, कारण समोरच्याने शस्त्र खाली ठेवावे हाच त्याचा हेतू होता. या दोन कसोट्या लावून पाहिल्या, तर विनोदी पत्र बहुधा उत्तीर्ण होते असे मला वाटते. त्यात गैरसोय नाकारलेली नसते. ती सांगितलेलीच असते. पाव कमी पडतो हे आईला कळते. तिने रडू नये एवढीच त्यात विनंती असते. शिवाय ती विनंती तिला समजते, आणि आपल्याला समजले आहे हे ती न दाखवता पुढच्या पत्रात पाककृती पाठवते. जेथे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही झाकण ओळखून आहेत तेथे फसवणूक होत नाही. तेथे दोघे मिळून एक ओझे उचलत असतात. मात्र हे तोवरच खरे, जोवर पत्रातले हसू मदतीची वाट बंद करीत नाही. ज्याला खरोखर मदतीची गरज आहे तोही रिवाज म्हणून गमतीच लिहीत राहिला, आणि वाचणाऱ्यांनीही रिवाज म्हणून हसून पत्र घडी करून ठेवले, तर त्या हशाचे रूपांतर एका क्रूर गैरसमजात होते.

येथे आनंदीबाई जोशी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांच्या अडचणींची यादी वरवर पाहता याच लेखातल्यासारखी आहे. नऊवारी लुगडे त्या हवेत पुरेना, म्हणून त्यांनी गुजराती धर्तीचे नेसण स्वीकारले. पण पोशाखातला एवढा बदलही पतीशी पत्राने चर्चून करावा लागला. आहार शाकाहारी. खोलीतली शेकोटी नीट बांधलेली नव्हती. ती पेटवली की धूर कोंडे, आणि न पेटवावी तर थंडी सोसावी लागे. धूर किंवा थंडी, यांतून एक निवडायचे! हा प्रसंग एखाद्या विनोदी लेखकाच्या हाती पडला असता तर त्याने वाचकांना पोट धरून हसवले असते. १८८६च्या मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या, त्याच वर्षअखेरीस क्षयाने पोखरलेल्या देहानिशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. शेकोटीच्या गोष्टीला गंमत म्हणून सांगण्यासाठी जे अंतर लागते ते त्यांना मिळालेच नाही. परदेशातील फजितीचे आपले सारे वाङ्मय सुखरूप परतलेल्यांनी लिहिलेले आहे, हे आपण विसरतो. गैरसोय आणि यातना यांतील सीमा घटनेच्या आकारावर ठरत नाही. त्या खोलीतून बाहेर पडण्याची वाट होती की नव्हती, यावर ती ठरते.

दुसरी सीमा अपमानाची. परदेशातील गैरसोयींच्या विनोदात एक गृहीत दडलेले असते: घरी सारे सुखाचे होते. आपला नळ, आपला पाव, आपली माणसे. हे गृहीत सर्वांना लागू पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसून टाकली होती. १९१७ साली ते बडोद्यास उतरले आणि राहायचे कोठे हा प्रश्न उभा राहिला. एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी, ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी हातात घेऊन ते निघत असताना, लाठ्या घेतलेली दहा-बारा माणसे दारात येऊन उभी राहिली. संध्याकाळच्या आत खोली सोडावी लागली. परक्या देशाने ज्याला माणूस म्हणून साधेपणाने वागवले, त्याला अपमान सोसावा लागला तो घरी. त्याच्या दृष्टीने विलायतेतल्या अपुऱ्या जेवणाची किंवा परक्या नळाची कथा ती काय! ज्याला घरी मान आहे त्यालाच परदेशातील गैरसोय गमतीची वाटू शकते. हे कळले की आपल्या हशामागे किती मोठी ठेव आहे याचा अंदाज येतो. ती ठेव आपण कमावलेली नसते; बहुधा जन्माने मिळालेली असते.

म्हणून परदेशाच्या आठवणी सांगणाऱ्याची खरी परीक्षा परदेशात होत नाही. ती तो परत आल्यावर होते. आपल्याच देशात असंख्य विद्यार्थी परमुलखात शिकत असतात. विदर्भातून पुण्यास आलेला मुलगा तोंड उघडताच त्याच्या बोलीची नक्कल होते. ‘ळ’चा ‘ल’ झाला म्हणून हळहळणारे आपण दक्षिणेकडची आणि ईशान्येकडची नावे कशी उच्चारतो हे एकदा कोणी ध्वनिमुद्रित करून ऐकवावे. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यात बांबूचे कोंब, अखुनी यांसारखे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांत गोंधळ न माजेल अशा रीतीने शिजवावेत असा उपदेश होता. अखुनी म्हणजे नागा स्वयंपाकातील आंबवलेले सोयाबीन. ज्यांच्या घरी ते शिजते त्यांना त्याचा वास आईच्या हाताचा वाटतो, जसा आपल्याला हिंगाचा वाटतो. मँचेस्टरच्या वसतिगृहात वाजलेली घंटा निर्जीव होती. तिला फोडणी आणि आग यांतला फरक कळत नव्हता. पुण्या-मुंबईत किंवा दिल्लीत दार ठोठावून वासाची तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला तो कळू शकतो. त्यामुळे पहिली गोष्ट गैरसोय आहे, आणि दुसरी गोष्ट फार लवकर अपमान होते.

यावर कोणी म्हणेल की शेजाऱ्यालाही त्रास होतोच, वास हा खराच असतो. मान्य आहे. परदेशातील आपल्या वसतिगृहाच्या रहिवाशांनाही थंडीत उभे राहण्याचा त्रास खराच झाला होता. त्यांनी तो सोसला, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन खिडकी कशी उघडायची आणि पंखा कोठला लावायचा हे दाखवून गेले. अशी वागणूक सर्वांनाच मिळाली असे नाही. पण ज्यांना मिळाली त्यांच्या आठवणी हसऱ्या झाल्या, यात त्यांच्या विनोदबुद्धीइतकाच त्या अनामिक शेजाऱ्याचाही वाटा आहे. गैरसोय एकट्याने सोसली की ती मनात आंबते. कोणी एक पाव अधिक वाढला, एक खिडकी उघडून दिली, की पुढे तिची गोष्ट होते.

तेव्हा घंटेची गोष्ट जरूर सांगावी, चार माणसांत रंगवून सांगावी. सांगणाऱ्याने एवढेच पाहावे की, ती गोष्ट त्या घरमालकिणीसमोर आणि त्या रात्री अंगणात कुडकुडलेल्या शेजाऱ्यांसमोर, त्यांना न दुखावता, तशीच सांगता येईल काय. आणि वरच्या मजल्यावर कोहिमाहून शिकायला आलेली मुलगी भाडेकरू म्हणून राहत असेल, तिच्या स्वयंपाकघरातून अनोळखी वास जिन्यात उतरला असेल, तर गोष्ट सांगणाऱ्याने उठून आपल्या बाजूची खिडकी उघडावी, आणि जमल्यास वर जाऊन, काय शिजते आहे, असे सहज विचारावे. तिच्या उत्तरासाठी थांबावे मात्र.